मत मागायला येणारी माणसं

आमच्या वडिलांच्या आईला सगळं घर ‘मोठीबाई’ म्हणायचं. सरकार नावाच्या गोष्टीबद्दल मी पहिल्यांदा जे काही ऐकलं ते तिच्याच तोंडून, आणि ते लेव्हीबद्दल, म्हणजे सरकारच्या सक्तीच्या धान्यवसुलीबद्दल होतं. जाफराबाद तालुक्यातलं आमचं गाव वऱ्हाडच्या शिवेला लागून. तेव्हा इकडं निजामाचं राज्य, म्हाताऱ्यांच्या भाषेत मोगलाई. खळ्यावर रास पडली की ज्वारी बळदात जायच्या आधी लेव्हीचं माप लागायचं. साहेब दौऱ्यावर आला की गावानं दूध, अंडी, कोंबड्या, घोड्यांना चारा असं सगळं पुरवायचं आणि वर हात जोडून उभं राहायचं. मोठीबाई सांगायची, “सरकार कधी दारात आलं, तर ते न्यायलाच आलं.”

मग रझाकारांचा काळ आला. आमच्याकडची कितीतरी कुटुंबं रातोरात शीव ओलांडून वऱ्हाडात गेली, कुणी देऊळगावराजाकडं, कुणी चिखलीकडं. आमचंही घर गेलं. दमणीत पोरं, दोन पितळी हंडे आणि येसरचं गाडगं. येसरच का घेतलं, असं मी विचारायचो, कारण लहानपणी मला ती गोष्ट फार मजेची वाटायची. ती म्हणायची, “पाणी अन् चूल भेटली की येसरचं कालवण होतं. मग माणूस कुठंबी जगतं.” भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं ते पीठ, पाण्यात कालवून एक उकळी दिली की झालं. मराठवाड्यात लग्नाच्या पंगतीला येसरची आमटी लागते, आणि आमच्या घरी तीच आमटी पळून जाण्याच्या आठवणीची होती.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारताचं सैन्य शिरलं, १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली आणि मंडळी गावी परतली. परत आल्यावर बळद रिकामं होतं असं माझे वडील सांगत. आत्या मात्र सांगायची की शेजारच्या चाचांनी आमची ज्वारी आपल्या घरात काढून ठेवली होती आणि मापून परत दिली. भिंतीला भिंत लागलेलं ते घर. दोन्ही गोष्टी घरात चालायच्या. मी आत्याची खरी मानतो, कारण ईदेला त्या घरून शिरखुर्म्याचा गडवा मोठीबाईच्या नावानं यायचा आणि तो तिच्या हातातच द्यायचा असा नेम होता.

हे सगळं आधी सांगितलं, कारण त्याशिवाय १९५२ साली तिला काय वाटलं असेल ते कळायचं नाही. पहिली निवडणूक. चार माणसं ओसरीवर येऊन बसली. आजोबांनी जाजम टाकलं, पाणी दिलं, चहा झाला. आता हे काय नेणार, म्हणून मोठीबाई दाराआड उभी राहून ऐकत होती. आणि ते म्हणाले, आम्हाला तुमचं मत पाहिजे. बाईमाणसाचंही पाहिजे. तिनं सरकारला आजवर दारात फक्त वसुली करताना पाहिलं होतं. ‘द्याल का?’ असं विचारताना तिनं पहिल्यांदा ऐकलं, आणि नाही म्हणायचीही मुभा होती. या एका गोष्टीचा तिला शेवटपर्यंत अचंबा होता.

मतदारयादीत नाव घालायला मास्तर आले तेव्हाचाही एक किस्सा आहे. नाव काय, असं विचारल्यावर ती म्हणाली, “लिहा की, अमक्याची माय.” मास्तर भले होते. ते म्हणाले, असं चालत नाही, बाई, तुमचं स्वतःचं नाव लागतं. देशात त्या वेळी अशा जवळजवळ अठ्ठावीस लाख बायकांची नावं याद्यांतून गळाली होती. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ असंच त्यांनी सांगितलं आणि स्वतःचं नाव परक्या माणसाला दिलं नाही. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, मध्य भारत, तिकडच्याच त्या जास्त. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन त्या बाबतीत अडून बसले, नाव नाही तर मत नाही. मोठीबाईनं बराच वेळ पदर चावला आणि मग माहेरचं नाव सांगितलं. लग्नानंतर ते नाव त्या घरात पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारलं गेलं, असं आत्या म्हणायची.

तेव्हा शिक्का मारायची भानगड नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह. आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची. काँग्रेसची बैलजोडी. मोठीबाईनं पेटीला हळदकुंकू वाहिलं असं वडील सांगायचे. आत्या सांगायची, कुंकू नाही, तिनं चिठ्ठीबरोबर हाली शिक्क्याचा एक आणाही आत टाकला, देवापुढं रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून. मी तिला विचारलं तर ती नुसती हसायची आणि विषय बदलायची. देशभर पेट्यांत फुलं, कुंकू, पैसे सापडल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळं दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नसावं.

एक गंमत तिच्या लक्षात आणून दिली होती ती माझ्या थोरल्या काकांनी. १९५२ ला तिनं मत दिलं तेव्हा आम्ही हैदराबाद राज्यात होतो. १९५६ च्या १ नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात आला, म्हणून १९५७ चं मत मुंबईसाठी. १९६२ चं मत महाराष्ट्रासाठी. तीन निवडणुका, तीन राज्यं, आणि मतदान त्याच मारुतीच्या पारामागच्या चावडीत. १९५७ ला तर जालन्याच्या लोकसभेचं आणखीच झालं. सैफ तय्यबजी निवडून आले आणि लवकरच वारले, मग पोटनिवडणुकीत शेतकरी कामगार पक्षाचे घारे आले. काका त्या पोटनिवडणुकीत सायकलवर कंदील टांगून गावोगाव फिरले होते. कोणाकडून फिरले ते त्यांनी वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं सांगितलं. भाकरी-ठेचा कुठल्या गावी चांगला मिळाला ते मात्र दर वेळी तेच.

आता जे सांगतो ते माझ्या डोळ्यांदेखतचं आहे. बहात्तरचा दुष्काळ. मी नऊ-दहा वर्षांचा. गावाजवळ सडकेचं काम निघालं होतं आणि अख्खं गाव खडी फोडायला. पाटलाची सून आणि सालगड्याची बायको एकाच ढिगाऱ्याला बसलेल्या. दुपारी पोरांना सुकडी मिळायची, तिचा गोडसर वास अजून नाकात आहे. घरी मिलोची भाकरी. परदेशातून आलेली ती लाल ज्वारी. पीठ थापताना चिरा पडायच्या, तव्यावर टाकली की कडा उलायच्या आणि ताटात पडली की विटकरीच्या रंगाची दिसायची. गरम असेपर्यंत घशाखाली उतरायची, गार झाली की चावून चावून जबडा दुखायचा.

त्या कामावर एक दिवस आमदार आले. नाव सांगत नाही, त्यांची नातवंडं आहेत. जीप थांबली, सगळे उठून उभे राहिले. मोठीबाई उठली नाही. तिचं वय झालं होतं, पण ते काही कारण नव्हतं. ती म्हणाली, “बस खाली. मत मागायला आला तवा दुधाचा चा पिऊन गेला माझ्या घरचा. आता ही भाकर खा.” तिनं फडक्यातली मिलोची भाकरी काढून मोडली, वर ठेच्याचा गोळा ठेवला आणि त्यांच्या हातात दिली. धोतराचा सोगा सावरून ते खडीवरच बसले. भाकरी मोडताना त्यांच्या बोटांना लाल चुरा लागलेला मी पाहिला. चौथा घास त्यांना उतरेना, तेव्हा तिनं तांब्या पुढं केला, आणि ते पाणी पीत असताना विचारलं, “मस्टर कामून निघंना? चार हप्ते झाले. पोरं काय खडी खात्यात?”

त्यांनी खिशातली वही काढून लिहून घेतलं. पुढच्या बाजाराच्या आधी पगार झाला. गावात सगळे आमदारांचं नाव घेऊ लागले. मोठीबाईनं घेतलं नाही. “त्याचं कामच हाय ते,” म्हणाली.

मला आजचं जे काही बोलायचं आहे ते ‘ही भाकर खा’ आणि ‘मस्टर कामून निघंना?’ या दोन वाक्यांमध्ये आहे. भाकरी खाऊ घालणं आणि जाब विचारणं ही तिच्या लेखी एकाच नात्यातली दोन कामं होती. पाहुणा म्हणून पाणी द्यायचं, आणि आपण पाठवलेला माणूस म्हणून हिशेब मागायचा. त्या दुष्काळातूनच पुढं रोजगार हमीचा कायदा आला, १९७७ साली. वि. स. पागे यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे ते योग्यच आहे. पण मला नेहमी वाटतं, त्या कायद्याला खडीवर बसलेल्या अशा असंख्य बायकांच्या प्रश्नांचाही आधार आहे.

त्याच १९७७ साली, आणीबाणीनंतर, ती दुसऱ्यांदा रागावलेली पाहिली. नसबंदीच्या केसेस आणायला मास्तरांनासुद्धा सांगितलेलं होतं. गाडी आली की माणसं ज्वारीत नाहीतर तुरीत लपायची. माझे एक चुलते दोन रात्री माळ्यावर होते, भाकरी शेतात पोचवायचं काम माझ्याकडं. निवडणूक लागली तेव्हा गावात सभा नाही, गोंधळ नाही. सगळे गप्प. जनता पक्षाचं नांगरधारी शेतकऱ्याचं चिन्ह, आणि जालन्यातून भोकरदनकडचे पुंडलिक हरी दानवे निवडून गेले. बैलजोडीला, मग गायवासराला सवयीनं मत देणारी मोठीबाई त्या दिवशी घरी येऊन एवढंच म्हणाली, “दिलं.” कोणाला ते विचारायची कुणाची छाती झाली नाही.

१ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला तेव्हा गावात पेढे वाटले होते. ‘जालना सोने का पालना’ असं जुने लोक सरकी आणि कापसाच्या पेठेच्या जोरावर म्हणायचे, आता ते खरं होणार असं वाटलं. कलेक्टर औरंगाबादेहून जवळ आला, एस.टी.नं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येऊ लागलं. पुढं बियाणांच्या कंपन्या वाढल्या, लोखंडाच्या सळयांचे कारखाने आले, मोसंबीच्या बागा आल्या. आणि नेमकं याच काळात, कधी ते मला बोट ठेवून दाखवता येत नाही, ओसरीवरचं जाजम गुंडाळलं गेलं.

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक झालो, म्हणजे निवडणुकीचं काम आलंच. परगावच्या शाळेत रात्री मुक्काम, बाकं जोडून झोपायचं, गावातली कुणीतरी माउली वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी पाठवायची. पहाटे पेटीला कागदी सील, वर लाख, मग रांग. १९८९ ला वयाची अट एकवीसवरून अठरावर आली होती, त्यामुळं मिसरूडही न फुटलेली पोरं रांगेत असायची. म्हाताऱ्या बायका शाई लावताना बोट असं पुढं करायच्या की जणू काकणं भरायची आहेत.

एकदा मतमोजणीला होतो. टेबलावर पेटी उलटी केली आणि मतपत्रिकांच्या घड्यांबरोबर वहीचा एक चतकोर कागद पडला. पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. मजकूर आता शब्दाशब्दानं आठवत नाही, पण अर्थ असा की, सायेब, हातपंप बंद आहे, बाया लांबून पाणी आणतात, दुरुस्ती व्हावी. खाली सही नव्हती, गावाचं नाव होतं. टेबलाभोवतीचे सगळे क्षणभर थांबले. कागद बाजूला ठेवावा लागला, कारण मोजायचं होतं ते वेगळं. मी मात्र त्या माणसाचा विचार अजून करतो. मत टाकायला मिळालेली ती एक खोली, तिथं त्याला एकटं सोडलं होतं, आणि त्याला वाटलं की इथून आपलं म्हणणं सरळ पोचेल. १९७२ साली मोठीबाईला कागदाची गरज पडली नव्हती. माणूस समोर होता.

मग समोर यायचं काय झालं? तसं पाहिलं तर नेते पूर्वीपेक्षा जास्त येतात. लग्नाला येतात, मौतीला येतात, दहाव्याला आणि तेराव्यालाही येतात. आमच्याकडं आता पुढाऱ्याची परीक्षा यावरच होते. “आमच्या बाबाच्या मौतीला आला होता” हे वाक्य मी मतदानाच्या रांगेत कितीदा ऐकलं असेल. माणूस दुःखात भेटायला आला तर बरं वाटतं, त्याला कोण नको म्हणेल? पण लग्नात अक्षता हातात घेऊन सगळे ताटकळलेले, माईकवर स्वागतं चाललेली, नवरी घामानं भिजलेली, आणि नेता पुढच्या लग्नाला जायच्या घाईत. तिथं मस्टरबद्दल कोण विचारणार? मौतीच्या घरी रस्त्याचं कोण काढणार? आपण त्याला अशा जागी बोलावू लागलो जिथं प्रश्न विचारणं शोभत नाही, आणि जिथं शोभतं तिथं बोलवायचं सोडून दिलं.

ग्रामसभेचंच घ्या. वर्षातून किमान चार, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर असे दिवस सगळ्यांना पाठ आहेत. गणपूर्तीला गावच्या मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यातले जे कमी असतील तेवढे लोक लागतात. विधानसभेला रांग लावणारं आमचं गाव इथं तेवढी डोकी जमवू शकत नाही. सभा तहकूब होते. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, त्यामुळं नंतर पंधरा-वीस माणसांत सगळे ठराव होऊन जातात. टक्केवारीच्या बातम्या वाचून शहरातले लोक उदासीनतेबद्दल लिहितात, तेव्हा मला ग्रामसभेची सतरंजी आठवते. अर्धी रिकामी, आणि पलीकडं टपरीवर मात्र राज्याच्या राजकारणावर कडाक्याचा वाद.

खालच्या पातळीवर तर मधल्या काळात विचारायलाही कुणी आलं नाही. जालना जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक बसले. राज्यात बहुतेक ठिकाणी तेच. जालना नगरपालिकेची २०२३ मध्ये महानगरपालिका झाली, तीही प्रशासकांच्या हाती. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निवडणुका घ्या म्हणून सांगितलं तेव्हा कुठं चाकं हलली. तीन वर्षांहून जास्त काळ जिल्हा परिषदेत आपला माणूस नव्हता. शाळेचा पत्रा उडाला तर सांगायचं कुणाला? मतदाराला आळशी म्हणणाऱ्यांनी हा हिशेबही मांडायला हवा.

आणि तरीही आमचा जिल्हा गप्प बसणारा नाही, हे २०२३ नं साऱ्या महाराष्ट्राला दाखवलं. माझं आजोळ अंबड तालुक्यातलं. २९ ऑगस्ट २०२३ ला अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे पाटलांचं उपोषण सुरू झालं, १ सप्टेंबरला तिथं लाठीमार झाला, आणि त्या रात्री आजोळचे फोन लागेनात. मामेभाऊ दुसऱ्या दिवशी बोलला तेव्हा त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. ऑक्टोबरात सरकारला दिलेली मुदत संपली तसे वेशीवेशीवर बोर्ड लागले, राजकीय पुढाऱ्यांना गावबंदी. पुढच्या वर्षी त्याच तालुक्यातल्या वडीगोद्रीत लक्ष्मण हाके ओबीसींच्या बाजूनं उपोषणाला बसले. एकाच तालुक्यात, थोड्याच अंतरावर, दोन मांडव. एकमेकांच्या पंगतीत वाढायला उभी राहणारी माणसं वेगवेगळ्या मांडवात गेली, याचं दुःख मला आहे आणि ते मी लपवत नाही.

आजोळी गेलो तेव्हा मामी ओसरीत तूर निवडत होती. ऐंशीच्या पुढची. वेशीवरच्या बोर्डाबद्दल तिला विचारलं. हात न थांबवता ती म्हणाली, “दारात आलेल्याला पाणीबी द्यायचं नाही, हे मला नाही पटत. पण पोरं म्हणतात, पाणी पिऊन जातात आन् विसरतात. मग मी गप बसते.” सुपातला एक खडा काढून तिनं अंगणात फेकला आणि म्हणाली, “येऊ नको म्हणतेत, म्हणजे अजून वाट बघतेत.” मामी शाळेत गेलेली नाही. गावबंदीवर मी वर्तमानपत्रांतले पुष्कळ लेख वाचले. इतकं नेमकं त्यात कुणी म्हटलेलं मला सापडलं नाही. ज्याच्याकडून काहीच नको असतं, त्याच्यासाठी कुणी वेशीवर बोर्ड रंगवत नाही.

मग १३ मे २०२४. उन्हाचा तडाखा असा की सकाळी नवालाच डांबर मऊ झालेलं. जालना लोकसभेत सुमारे ६९ टक्के मतदान झालं. १९९९ पासून सलग पाच वेळा निवडून आलेले रावसाहेब दानवे हरले, आणि तेही कल्याण काळे यांच्याकडून. याच काळेंना त्यांनी २००९ मध्ये थोडक्या फरकानं हरवलं होतं, या वेळी फरक लाखाच्या पुढं गेला. उमेदवारांच्या गर्दीत एक अपक्ष होते, फुलंब्री तालुक्यातल्या गेवराई पायगाचे सरपंच मंगेश साबळे. शेतकऱ्यांच्या विहिरी मंजूर करायला पैसे मागतात म्हणून २०२३ मध्ये त्यांनी पंचायत समितीच्या दारात नोटा उधळल्या होत्या. त्यांना दीड लाखाहून जास्त मतं पडली. पुढं नोव्हेंबरात विधानसभेला घनसावंगीचा निकाल अवघ्या २,३०९ मतांनी फिरला, राजेश टोपे यांच्यासारखा जुना आमदार पडला. इथं प्रत्येक मताला वजन आहे हे आमच्या लोकांना कुणी शिकवायला नको.

तरीही दोन जागा मला रिकाम्या दिसतात. एक ऊसतोडीला गेलेल्यांची. मंठा, घनसावंगी, अंबडकडची कितीतरी जोडपी दिवाळीनंतर कोयते घेऊन जातात. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं, आणि तोवर मुकादमाची उचल घेतलेल्या कित्येकांच्या गाड्या भरायच्या बेतात होत्या, काहींच्या निघूनही गेल्या होत्या. उचल घेतलेला माणूस सुट्टी मागू शकत नाही. ही उदासीनता नाही, ही गरिबी आहे, आणि तिची नोंद मतदानाच्या टक्केवारीत वेगळी होत नाही.

दुसरी जागा पुण्यात, चाकणला गेलेल्या पोरांची. माझा पुतण्या तिथं कंपनीत आहे. निवडणुकीत उमेदवारांच्या गाड्या यांना आणायला जातात, जेवण, येणं-जाणं, वर काय ते. मोठी निवडणूक असली की तो येतो. मी त्याला म्हटलं, ग्रामसभेला ये. तो म्हणाला, “काका, तिथं काय होतं?” मी म्हटलं, तुझ्या आईच्या नळाला पाणी का येत नाही ते तिथंच ठरतं. तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “मला अजेंडा पाठवा.” गावात अजेंडा फळ्यावर लावतात आणि दुसऱ्या दिवशी पुसतात. मी फोटो काढून पाठवला.

गेल्या २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर लोक नेहमीप्रमाणं जिलबी घेऊन पांगायला लागले होते. तेवढ्यात गल्लीतली एक सून, बचत गटाची अध्यक्ष, बायकांना घेऊन सतरंजीवर येऊन बसली. तिच्यामागं सासवाही बसल्या. त्यांना बसलेलं पाहून चार पुरुष परत फिरले, मग आणखी काही. रजिस्टरवर सह्या मोजल्या तर गणपूर्ती झाली होती. ग्रामसेवकही चकित. त्या सुनेनं जलजीवनच्या टाकीचं काढलं. किती रकमेचं काम, कोणाला दिलं, टाकी बांधून झाली तर पाइपात पाणी का नाही. सरपंचांनी सांगितलं, ते जिल्हा परिषदेकडं आहे. ती म्हणाली, मग तसं रजिस्टरात लिहा आणि वाचून दाखवा. लिहिलं, वाचलं. मागं बसलेल्या एका म्हातारीनं विचारलं, “आन् आमदार कवा येणार? मौतीला नको, सभेला बोलवा.” हशा पिकला, पण तो ठराव झाला. आमदार व जिल्हा परिषदेचे पाणीपुरवठा अभियंता यांना पुढच्या ग्रामसभेस बोलावण्यात यावे, असा.

पुढची सभा १ मेला आहे. निमंत्रणाचं पत्र ग्रामपंचायतीच्या शिक्क्यानिशी गेलंय, पोच मी स्वतः जाऊन आणली. टाकीच्या कामाचं अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेच्या नकला माहितीच्या अधिकारात मागितल्या आहेत, तीस दिवसांत उत्तर यायला हवं. बचत गटाच्या बायकांनी आलेल्या माणसांसाठी भाकरी आणि येसरची आमटी करायचं ठरवलंय. पुतण्याचा फोन आला होता, एक तारखेला कंपनीला सुट्टीच आहे, तो रात्रीच्या गाडीनं निघतोय.